छेदात लपलेलं डिझेल

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत इंधनाचा हिशेब किती तऱ्हांनी होतो, ते एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. विहिरीवरचं इंजन ‘तासाला सव्वा लिटर पितं’. ट्रॅक्टर ‘एकरी सहा लिटर’ घेतो. नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्री नेणारा ट्रक ‘लिटरला पाच’ देतो. मंडपातला जनरेटर ‘रात्रीला दोन कॅन’ खातो, ढाब्यावरची भट्टी ‘सिलिंडरला दोन दिवस’ चालते, कारखान्यातला बॉयलर ‘तासाला इतके किलो’ मागतो, आणि पेट्रोल पंपाची नळी मिनिटाला चाळीसेक लिटर ओतते. प्रश्न सगळीकडे एकच आहे, इंधन किती वेगाने जातंय? उत्तरं मात्र अशी दिली जातात की त्यांतली दोन शेजारी ठेवून तुलना करायला गेलं तर गाडी अडते.

या रूपांतरांवर पुस्तकांत आणि मोबाइलवर कोष्टकांची कमी नाही. गॅलनचे लिटर करा, पौंडाचे किलो करा, मिनिटाचा तास करा. कोष्टकं बरोबर असतात. तरी ट्रॅक्टरवाला आणि शेतकरी, मालक आणि ड्रायव्हर, मंडपवाला आणि वधूपिता यांची हुज्जत संपत नाही. माझ्या मते याचं कारण असं की कोष्टकं सगळी मेहनत अंशावर घेतात, म्हणजे लिटर, किलो, गॅलन यांवर. घोळ बहुतेक वेळा छेदात असतो : तास कोणता, एकर कसला, किलोमीटर भरल्या गाडीचा की रिकाम्या. पण अंशातही काही खाचखळगे आहेत, तेव्हा आधी ते पार करू.

सगळ्यांत सोपी रूपांतरं म्हणजे एकाच जातीच्या मापांची. घनफळाचं घनफळ, वेळेची वेळ. इथे एक ठरलेला आकडा असतो आणि तो ऊन-पावसात बदलत नाही. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. तेलाच्या आंतरराष्ट्रीय बाजारातलं पिंप ४२ अमेरिकी गॅलनचं, म्हणजे जवळपास १५९ लिटरचं. आपल्याकडे दुकानामागे उभा असतो तो लोखंडी ड्रम दोनशे लिटरच्या वरचा. बातमीत ‘रोज इतकी लाख पिंपं’ वाचताना डोळ्यांपुढे हा ड्रम आणला तर हिशेब पंचवीस-तीस टक्क्यांनी फुगतो. तेलाच्या जगात एक सोयीचा ठोकताळा चालतो : रोजचं एक पिंप म्हणजे वर्षाचे साधारण ५० टन. त्यात कच्च्या तेलाची घनता गृहीत धरलेली आहे, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. हा न बोलण्याचा दोष पुढे वारंवार भेटणार आहे.

या भागाच्या इतिहासात मापं आणि राज्य ही दोन्ही एकाच वर्षी बदलायला लागली. १ नोव्हेंबर १९५६ला छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या या मराठी मुलखासह, नव्या मध्य प्रदेशात गेला आणि नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजन-मापांचा प्रमाणीकरण कायदा आला. पुढे १ एप्रिल १९५७पासून नवे पैसे, १९५८पासून मेट्रिक वजनं, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सेर, मण, गॅलन हे सगळं व्यापारातून बाद. जुन्या मोटारींचं ‘गॅलनला इतके मैल’ मात्र तोंडात बरीच वर्षं राहिलं. त्याचं रूपांतर ०.३५४ने गुणून होतं : गॅलनला तीस मैल देणारी गाडी लिटरला साडेदहा किलोमीटर देते. अमेरिकी गॅलन असेल तर गुणक ०.४२५. अमेरिकेतला भाचा गाडीच्या ‘मायलेज’चा आकडा सांगतो, तेव्हा तो कोणता गॅलन, हे विचारून घ्यावं. आज कायद्याने, म्हणजे २०११पासून लागू झालेल्या वैध मापनशास्त्र कायद्याने, व्यापारात मेट्रिक मापच चालतं. मध्य प्रदेशात तो राबवणारं खातं ‘नापतौल विभाग’ म्हणून ओळखलं जातं, आणि सीमेपलीकडे सावनेरला तेच काम वैध मापनशास्त्र यंत्रणा करते.

खरी पायरी लागते ती लिटरचे किलो करताना. इथे ठरलेला आकडा नसतो, घनता लागते, आणि घनता तापमानावर अवलंबून असते. डिझेलचा लिटर साधारण ८२० ते ८५० ग्रॅमचा. पेट्रोलची भारतीय मानकातली मर्यादा १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलो. फर्नेस ऑइल पाण्याच्या जवळ जातं. द्रवरूप एलपीजी लिटरला अर्ध्या किलोच्या थोडं वर. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग किंवा त्याहून किंचित जास्त फुगतं, डिझेल हजारात आठ-नऊ दशांश. १५ अंशांवरून ४० अंशांवर गेलेलं पेट्रोल अडीच-तीन टक्क्यांनी वाढतं, वजन तेवढंच राहतं.

हे नुसतं प्रयोगशाळेचं ज्ञान नाही. प्रत्येक पंपावर काचेची बरणी, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतो. टँकर आला की घनता मोजून, तक्त्यावरून १५ अंशांवर आणून ती चलनावरच्या आकड्याशी ताडतात. घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर माल संशयास्पद. ग्राहकालाही ही तपासणी मागता येते, तसंच पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप भरून बघण्याचा हक्कही त्याला आहे. त्या पाच लिटरांत पंचवीस मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं, म्हणजे अर्धा टक्का.

आता ही दोन टोकं जोडून पाहा. यंत्राला सूट अर्ध्या टक्क्याची, आणि पेट्रोलच्या घनतेला कायदेशीर मोकळीक सात टक्क्यांची. घनता वाढली की किलोमागची उष्णता किंचित कमी होते, त्यामुळे लिटरमागच्या ऊर्जेत पूर्ण सात टक्के फरक पडत नाही हे खरं. तरी ग्राहक ज्या पंचवीस मिलिलिटरवर डोळे वटारतो, त्यापेक्षा मोठी तफावत त्याच लिटरच्या पोटात राजरोस बसलेली असते. पंपाच्या नळीचा वेग मंद ठेवला की जास्त तेल मिळतं, ही समजूत तर त्याहून विनोदी. मीटर एकूण घनफळ मोजतो, त्यासाठी वेग मिनिटाला वीस लिटर की चाळीस, हे गौण आहे.

लिटर-किलोच्या या पायरीवर घसरण्याचं जगप्रसिद्ध उदाहरण २३ जुलै १९८३चं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ला पुढच्या प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं. त्याला १.७७ने गुणलं गेलं आणि उत्तर किलो समजलं गेलं. १.७७ हा लिटरमागे पौंडांचा आकडा. किलोसाठी ०.८०३ने गुणायचं होतं. सुमारे वीस हजार लिटर भरायचे तिथे ४,९१७ लिटर भरले आणि ४१ हजार फुटांवर इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, कुणी दगावलं नाही. ही गोष्ट नेहमी ‘मेट्रिक विरुद्ध ब्रिटिश’ अशी सांगितली जाते. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो : १.७७ या आकड्यामागे एकक लिहिलेलं नव्हतं. नुसता गुणक हातात आला आणि तो कशाचा आहे हे माणसांनी आठवणीवर सोडलं.

असेच एकक हरवलेले गुणक गॅरेजांतही फिरतात. इंजेक्टरची क्षमता कुठे मिनिटाला घन सेंटिमीटरमध्ये, तर कुठे तासाला पौंडांत दिलेली असते, आणि मेकॅनिक १०.५ने गुणतो. हा साडेदहा कुठून आला? तासाला एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, मिनिटाला ७.५६ ग्रॅम, भागिले पेट्रोलची घनता ०.७२, उत्तर १०.५. म्हणजे आकड्याच्या पोटात हलकं पेट्रोल आहे. डिझेलसाठी तोच गुणक नऊच्या आसपास येतो. पेट्रोलचा साडेदहा डिझेलला लावला की सोळा टक्क्यांची चूक, आणि ती कोणत्याही कोष्टकात सापडायची नाही.

यावर जुना, खात्रीचा उपाय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत आहे. इंजिनाच्या टाकीऐवजी काचेच्या ब्युरेटमधून डिझेल द्यायचं आणि दहा घन सेंटिमीटर संपायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. दहा सीसी तीस सेकंदांत गेले तर सेकंदाला एक तृतीयांश सीसी, त्याला ३.६ने गुणलं की तासाला १.२ लिटर. घनता ०.८३ धरली तर तासाला जवळपास एक किलो. विहिरीवर ब्युरेट नसेल, पण खुणा असलेली औषधाची बाटली आणि एक नळी असतेच. शंभर मिलिलिटर पाच मिनिटांत संपलं, तर तेच उत्तर : तासाला सव्वा लिटरच्या आत-बाहेर. ‘टाकी सकाळी भरली, दुपारी संपली’ या मोजणीपेक्षा ही पाच मिनिटं कितीतरी भरवशाची, कारण टाकीच्या तळाशी किती उरलं होतं हा वाद त्यात उद्भवत नाही.

या मोजमापाला आणखी एक ताळा आहे, इंजिनाच्या ताकदीवरून. इंजिनाच्या माहितीपत्रकात ‘विशिष्ट इंधन खप’ दिलेला असतो : एक किलोवॅट ताकद तासभर काढायला किती ग्रॅम डिझेल. जुन्या पत्रकांत तोच अश्वशक्तीमागे असतो, आणि तिथे मेट्रिक अश्वशक्ती (७३५.५ वॅट) की ब्रिटिश (७४५.७ वॅट) हा छोटा खोडा. मेट्रिक धरली तर १८५ ग्रॅम प्रति अश्वशक्ती-तास म्हणजे किलोवॅट-तासाला २५२ ग्रॅम. अमेरिकी पत्रकातला अश्वशक्ती-तासाला ०.४ पौंड म्हणजे २४३ ग्रॅम. पाच अश्वशक्तीचं, म्हणजे ३.७ किलोवॅटचं पाणी ओढणारं इंजन पूर्ण भारावर २५० ग्रॅमच्या हिशेबाने तासाला ९२५ ग्रॅम घेईल, लिटरमध्ये १.१. किर्लोस्करांच्या वाडीतून आणि १९४६पासून पुण्याच्या ऑइल इंजिन कारखान्यातून निघालेल्या इंजिनांनी विदर्भाच्या विहिरींवर कित्येक दशकं हाच आकडा राखला. म्हातारं इंजन दीड लिटर मागत असेल तर मोजणीऐवजी इंजेक्टरकडे बघावं.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आपल्या राज्याचं नशीब चांगलं. सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था पन्नासच्या दशकापासून आहे. तिच्या अहवालात इंधनाचा खप तासाला लिटरमध्ये आणि किलोवॅट-तासाला ग्रॅममध्ये, असा दोन्ही रूपांत येतो. चाचणी साध्या हवेत आणि मुद्दाम तापवलेल्या हवेतही होते, पांढुर्ण्याच्या मे महिन्याची आठवण करून देणाऱ्या. दोन रूपांत आकडा देणं ही नुसती शिस्त नव्हे. लिटर-प्रति-तास हा आकडा त्या क्षणीच्या भाराचा असतो, ग्रॅम-प्रति-किलोवॅट-तास हा इंजिनाच्या कार्यक्षमतेचा. ३० किलोवॅट देताना २६० ग्रॅम घेणारा ट्रॅक्टर तासाला ७.८ किलो, म्हणजे ९.४ लिटर पिईल. तोच ट्रॅक्टर ट्रॉली ओढताना तीन लिटरवर भागवेल. शोरूमच्या पत्रकात यांतला कोणता आकडा छापायचा, हे विकणाऱ्याच्या हातात असतं.

आता छेदाकडे. पहिला छेद तासाचा, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा तो जास्त निसरडा आहे. जुन्या ट्रॅक्टरवरचा यांत्रिक तासमीटर घड्याळ नसतो. तो इंजिनाच्या फेऱ्या मोजतो आणि ठरावीक वेगाला, समजा मिनिटाला १,५०० फेऱ्यांना, एक तास बरोबर दाखवतो. इंजिन हजार फेऱ्यांवर चालवलं तर घड्याळाच्या साठ मिनिटांत मीटर चाळीस मिनिटंच पुढे जातो. भाडं घड्याळावर ठरलं आणि डिझेल मीटरवर, तर ‘तासाला किती लिटर’चा आकडा दीडपट दिसतो. कुणी चोरी केलेली नसते. जेसीबीसारखी यंत्रं तासावर लावली जातात तिथे इंजिन सुरू ठेवून यंत्र नुसतं उभं असलेला वेळही त्याच तासात मोजला जातो.

तासावरून एकरावर जाताना कोष्टक काहीच कामाचं नाही, कारण मध्ये अवजार, चाल आणि शेताचा आकार येतो. पाच फुटी रोटावेटर, चाल तासाला तीन किलोमीटर : दीड मीटर गुणिले तीन हजार मीटर, तासाला ४,५०० चौरस मीटर. वळणं, थांबणं, एकमेकांवर चढलेले पट्टे वजा जाता ऐंशी टक्के धरा : ३,६००, म्हणजे ०.८९ एकर. इंधन तासाला पाच लिटर असेल तर एकरी ५.६ लिटर. पण तेच संत्र्याच्या बागेत, झाडांच्या रांगांत आखूड ओळी आणि दर पन्नास पावलांवर वळण. कार्यक्षमता साठ टक्क्यांवर आली की तासाला ०.६७ एकर, आणि एकरी साडेसात लिटर. ट्रॅक्टर तोच, ड्रायव्हर तोच, तासाचा खप तोच. कपाशीच्या मोकळ्या रानाचा एकरी दर बागेला लावणारा ट्रॅक्टरवाला बुडतो, आणि बागेचा दर मोकळ्या रानाला लावणारा शेतकऱ्याला बुडवतो.

विहिरीचा छेद सगळ्यांत फसवा, कारण तिथे कुणी छेद लिहीतच नाही. इंजन तासाला १.१ लिटर घेतं, पावसाळ्यानंतरही आणि एप्रिलमध्येही. मग फरक कुठे पडला? पाण्याची पातळी खाली गेली. पंप आणि नळ्यांची मिळून निम्मी कार्यक्षमता धरली तर वीस मीटर उचलताना सेकंदाला साडेनऊ लिटर पाणी येईल, तीस मीटरला सव्वासहा. दर हजार लिटर पाण्यामागे पहिल्या वेळी डिझेल ३२ मिलिलिटर लागलं, दुसऱ्या वेळी ४९. शेतकऱ्याच्या वहीत दोन्ही दिवशी ‘तीन तास इंजन’ एवढंच असतं, आणि बहार का गळाला याचं कारण तो भलतीकडे शोधतो.

जनरेटरचं गणित याच वळणाचं. ६२.५ केव्हीएचा संच पूर्ण भारावर, म्हणजे ५० किलोवॅटवर, ढोबळमानाने तासाला साडेतेरा लिटर घेतो, पाव भारावर पाचेक लिटर. तासाच्या हिशेबाने पाव भार स्वस्त दिसतो. युनिटच्या हिशेबाने पूर्ण भारावर एका युनिटला ०.२७ लिटर, पाव भारावर ०.४. मंडपात दिवे आणि डीजे एवढ्यासाठी भला मोठा संच आणणारा प्रत्येक युनिटला दीडपट मोजतो.

रस्त्यावरचा छेद किलोमीटर, आणि तिथे महाराष्ट्राच्या एसटीने आपली सोय करून ठेवली आहे : ‘केपीटीएल’, दहा लिटरला किती किलोमीटर. दशांश टाळण्याची ही युक्ती मला आवडते. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या बोलण्यात ४८ आणि ५०चा फरक जेवढा उठून दिसतो, तेवढा ४.८ आणि ५.०चा दिसत नाही. ताशी ५० किलोमीटरने ४८ केपीटीएल देणारी बस तासाला १०.४ लिटर घेते. युरोपात उलट चालतं, शंभर किलोमीटरला किती लिटर. उलट मांडणीत एक गुण आहे जो आपल्या ‘अ‍ॅव्हरेज’मध्ये नाही : ती सरळ बेरजेत बसते. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. समजा चढताना गाडी लिटरला आठ देते आणि तेवढंच अंतर उतरताना वीस. सरासरी चौदा म्हणणारे बरेच भेटतील. दर किलोमीटरचा खप चढताना ०.१२५ लिटर, उतरताना ०.०५, मिळून दोन किलोमीटरला ०.१७५, म्हणजे लिटरला ११.४. चौदाच्या भरवशावर टाकी भरणारा वाटेतच अडकतो.

ट्रकच्या किलोमीटरलाही आणखी एक छेद हवा, वजनाचा. दहा टन संत्री घेऊन शंभर किलोमीटर जाताना वीस लिटर जळले तर टन-किलोमीटरला वीस मिलिलिटर. रिकामा परतला आणि पंधरा लिटर जळले तर त्याच मालावर पस्तीस मिलिलिटर चढले. मालक ‘लिटरला पाच-साडेपाच देतो’ म्हणून खूश असतो, आणि परतीचा माल मिळाला नाही हा खरा तोटा अ‍ॅव्हरेजमध्ये सुधारणा म्हणून दिसतो. रेल्वेने हे केव्हाच ओळखलं. डिझेल इंजिनांचा खप ती हजार ग्रॉस टन-किलोमीटरमागे लिटरमध्ये मोजते. पांढुर्ण्यावरून जाणाऱ्या नागपूर–इटारसी मार्गावर आता विजेची इंजिनं धावतात, आणि सौंसरची छोटी लाइनही ब्रॉडगेज झाली. मोजण्याची ती रीत मात्र ट्रकधंद्याने उचलली नाही.

वायूंचा भाग वेगळाच किचकट, पण आपल्या भागापुरता थोडक्यात आटपतो. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर तासाला एक किलो जाळणारी भट्टी दोन दिवस चालते, यात गुंतागुंत नाही. गुंता होतो तो घनफळात गेलं की. एक किलो एलपीजीचा वायू १५ अंशांना साधारण ०.४५ घनमीटर जागा घेतो. घरगुती शेगडीच्या बर्नरचा खप तासाला ग्रॅममध्येही सांगतात आणि लिटरमध्येही, आणि हा लिटर वायूचा असतो, द्रवाचा नव्हे. नैसर्गिक वायूत ‘नॉर्मल’ घनमीटर शून्य अंशांचा आणि ‘स्टँडर्ड’ घनमीटर १५ अंशांचा, दोन्हींत साडेपाच टक्के फरक. दोन कंत्राटांतले आकडे जुळवताना हे साडेपाच टक्के म्हणजे नफ्याचा अख्खा भाग असू शकतो. शिवाय किंमत ठरते एमएमबीटीयूत, म्हणजे ऊर्जेत : एक एमएमबीटीयू २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. सिलिंडरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कोष्टकाबाहेरची : वायू जोरात ओढला की आतला द्रव थंड होतो, सिलिंडरच्या अंगावर दव जमतं आणि प्रवाह आपोआप मंदावतो. डिसेंबरच्या पहाटे भट्टी ‘मरते’ ती यामुळे, गॅस संपल्यामुळे नाही.

वायूचा धंदा ऊर्जेत मोजतो, कारण तिथे दुसरा इलाज नाही. द्रव इंधनांचं काय? पंपाची नळी मिनिटाला चाळीस लिटर डिझेल देते. लिटरला साधारण दहा युनिट ऊर्जा, म्हणजे मिनिटाला चारशे युनिट, म्हणजे २४ हजार किलोवॅट. वीज-गाडीला चार्जरवर पाऊण तास का लागतो, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे. बॉयलरवाले रोज हा हिशेब करतात : किलोला साडेनऊ हजार किलोकॅलरीच्या वरचं फर्नेस ऑइल तेरा-चौदा किलो वाफ देतं, साडेचार हजारांचा कोळसा साडेपाच. कोणतं इंधन परवडेल हे त्यांना लिटरच्या दरावरून ठरवताच येत नाही. मोटारसायकलवाल्याला मात्र इतके दिवस त्याची गरज नव्हती. इथेनॉल आल्यावर ती पडली.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागची ऊर्जा सुमारे साडेसहा-सात टक्क्यांनी कमी, कारण इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. गाडीचा अ‍ॅव्हरेज किती पडतो ते गाडीवर आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या चारचाकींना सहा-सात टक्के, दुचाकींना तीन-चार, आणि २० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींना एक-दोन टक्के घट सांगितली होती. गंमत पुढे आहे. मेकॅनिक मोबाइलला स्कॅनर जोडून ‘तासाला इतके लिटर’ दाखवतो. बऱ्याच गाड्यांत तो आकडा इंधन मोजून येत नाही, हवा मोजून येतो : इतकी हवा गेली, तिला १४.७ने भागा, घनतेने भागा, झाले लिटर. हा १४.७ निव्वळ पेट्रोलचा. वीस टक्के इथेनॉलला हवेचं प्रमाण साडेतेरा लागतं. त्यामुळे पडद्यावर खप आठ-नऊ टक्के कमी दिसतो, आणि पंपावर मात्र खिसा हलका होतो. गाडी बरोबर, स्कॅनर बरोबर, मधला गुणक जुना. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन इंधनाची जात बदलली की आकडा बऱ्याच अंशी जागेवर येतो. ही सोय सगळ्या अ‍ॅपमध्ये नसते, तेव्हा टाकी ते टाकी भरून केलेला हिशेबच खरा धरावा.

ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आला. आता कृषी खात्याच्या पातळीवर या दोन तालुक्यांपुरता एक साधा तक्ता करता येण्यासारखा आहे : मोकळं रान आणि बाग, वीस मीटर आणि तीस मीटर विहीर, भरला आणि रिकामा ट्रक, प्रत्येकी डिझेल किती. बुदनीचे अहवाल, ब्युरेटची पाच मिनिटं आणि थोडी अंकगणिती मेहनत यांपलीकडे त्याला काही लागत नाही. भाडेकराराच्या कागदावर ‘घड्याळी तास’ की ‘मीटर तास’ एवढे दोन शब्द जोडले तरी निम्मे तंटे तिथेच मिटतील.

सौर पंपाच्या योजनांत छेद लिहून ठेवण्याची ही रीत आधीच आली आहे. तिथे पंप किती वीज घेतो यावर कुणी भांडत नाही. प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं की पॅनेलच्या प्रत्येक वॅटमागे दिवसाला इतके लिटर पाणी, इतक्या मीटर खोलीवरून, इतक्या उन्हात. खोली वाढली तर पाणी किती घटेल तेही त्याच तक्त्यात. सौर पंपासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी हा तक्ता वाचून पंप निवडतो, आणि आपल्या विहिरीची उन्हाळ्यातली पातळी किती मीटर, हे सांगायला त्याला दोर सोडून ती मोजावी लागते.